वळवाच्या दिवसांत जोतिबाला चालत जाताना

(या महिन्याचा पाठ. मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.)



बावड्यातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी किती? डोळे न उघडता सांगेल, ३९ फूट. आणि धोका पातळी? ४३. जुलै-ऑगस्टात सकाळचा चहा व्हायच्या आधी आपण एकमेकींना विचारतो, "पाणी किती झालं गं?" २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितल्यापासून तर शाळेतली पोरंसुद्धा हा आकडा फुटात आणि इंचात सांगतात. आकडा वाढला की कुठलं सामान माळ्यावर, कुठलं जनावर कुणाच्या दारात, हे आपलं ठरलेलं असतं.

पण त्याच बंधाऱ्यावरून पलीकडं उतरून आपण चैत्रात जोतिबाला चालत निघतो, तेव्हा डोक्यावरच्या आभाळाचा आकडा कुणी विचारत नाही. वळीव येतो, तासाभरात धिंगाणा घालून जातो, आणि आपण म्हणतो, "आला तसा गेला." या महिन्याचा पाठ त्या तासाभराचा आहे.

आधी एक कबुली देते, कारण ती दिल्याशिवाय पुढचं सांगायचा मला अधिकार नाही.

गेल्या चैत्रात आम्ही चौदा जणी निघालो. सगळ्यात धाकटी बावीस वर्षांची, सगळ्यात थोरल्या आक्का सदुसष्टच्या. ठरलं होतं पहाटे पाचला निघायचं. निघालो पावणेआठला. का, ते तुम्हाला सांगायला नको. कुणाची धार काढायची राहिली होती, कुणाच्या घरी डबा, कुणाच्या सासऱ्यांची गोळी नाश्त्यानंतरची. वडणगे, निगवे, कुशिरे करत, मधे बसत-उठत, गायमुखाकडनं डोंगर चढून वर पोहोचायला पावणेदोन वाजले. दर्शनाची रांग, नारळ, गुलाल, थोडं खाणं. सव्वातीनला बसच्या थांब्यावर आलो तर मुंगीला शिरायला जागा नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, उतरणच तर आहे, कुशिऱ्यापर्यंत चालू, तिथं काहीतरी मिळेल.

अर्धा डोंगर उतरून खाली आलो तोवर आभाळ काळं झालं होतं. आधी धूळ उठली, मग गार वारा, मग टपोरे थेंब. शेताच्या बांधावर एकच मोठं आंब्याचं झाड होतं. "चला गं, झाडाखाली," असं ओरडले ती मीच. गटाची सचिव, हातात मोबाईल, आणि पाच-सहा प्रशिक्षणं घेतलेली. सगळ्या धावल्या. फक्त आक्का धावल्या नाहीत. त्यांनी रस्त्यापलीकडचं स्लॅबचं घर दाखवलं आणि तिकडंच चालायला लागल्या. एकजण म्हणाली, "आक्का, तिथवर जाईस्तोवर चिंब होतोय की!" त्यावर आक्का मागं न बघता म्हणाल्या, "भिजलीस तर वाळशील. फुडचं मी बोलत न्हाई."

गेलो. भिजलो. त्या घरच्या वहिनींनी ओळख ना पाळख, चौदा जणींना आत घेतलं, टॉवेल दिले, चहा टाकला. पाऊणेक तास विजा कडाडत होत्या. एक तर इतक्या जवळ पडली की भांडी हलली. पण त्या आंब्यावर काही पडलं नाही. पाऊस थांबल्यावर बाहेर आलो तर झाड जागच्या जागी, खाली कैऱ्यांचा सडा.

पुढच्या बैठकीत या गोष्टीवर हसणं झालं. "आक्कांनी उगंच भिजवलं," असं दोघी-तिघी म्हणाल्या, आणि आक्काही हसल्या. मला मात्र ते हसणं तेव्हापासून टोचतंय. झाडावर वीज पडली नाही म्हणून झाडाखाली थांबणं बरोबर होतं, असं आमच्यातल्या काही जणींच्या मनात पक्कं बसलं. पुढच्या वेळी त्या झाडाखालीच जातील. आपण दहा वेळा वाचतो ते आपल्या शहाणपणानं असं नाही, बहुतेक वेळा वीज दुसरीकडं पडली म्हणून. देशात दरवर्षी विजेनं दोन हजारांहून जास्त माणसं जातात. त्यातली बरीचशी तुमच्या-माझ्यासारखी, शेतात नाहीतर झाडाखाली उभी असलेली.

वळीव कसा तयार होतो

हे नीट समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

चैत्रात ऊन जमीन तापवतं. तापलेल्या जमिनीला लागून असलेली हवा तापून हलकी होते आणि वर चढते. आपल्याकडं समुद्र फार लांब नाही, सह्याद्री ओलांडला की कोकण. त्यामुळं हवेत ओल असते. ओली, तापलेली हवा वेगानं वर गेली की गार होते, वाफेचं पाणी होतं, आणखी वर बर्फाचे कण होतात. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतल्या बाजूला पाणी साचलेलं दिसतं, तसंच. फक्त हे पातेलं दहा-बारा किलोमीटर उंचीचं असतं. त्या ढगात काही कण वर जात असतात, काही खाली पडत असतात, ते एकमेकांवर आपटतात-घासतात आणि त्यातून वीज साठते. साठलेली वीज कधी ढगातल्या ढगात फुटते, कधी जमिनीवर उतरते. जमिनीवर उतरताना तिला उंच आणि एकटं उभं असलेलं काही मिळालं की तिचं काम सोपं होतं. माळावर एकटं झाड, विजेचा खांब, डोंगराची धार. आणि सपाट शेतात उभी असलेली बाईसुद्धा.

यात वेळेचा भाग आपल्या कामाचा आहे. जमीन तापायला सकाळ जाते, ढग चढायला दुपार लागते. म्हणून वळीव बहुतेक वेळा दुपारी तीननंतर ते रात्री आठ-नऊपर्यंत गाठतो. पहाटेचं आभाळ निळंशार असतं आणि त्याच दिवशी चारला गारा पडतात. "सकाळी तर ढगाचा ठिपका नव्हता" असं आपण म्हणतो, त्यात नवल काही नाही. सकाळी ठिपका नसणं आणि नुसतं ऊन तापणं, हीच वळवाची तयारी असते.

मान्सूनचा पाऊस पश्चिमेकडनं येतो, त्याची आपल्याला सवय आहे. वळवाचा ढग मात्र कुठनंही उठतो. त्यामुळं एकाच दिशेला बघून चालत नाही, मान वळवून चारी बाजूंना बघावं लागतं.

चालताना दुपारी बाराच्या पुढं आभाळात हे बघा. पांढरे ढग कापसाच्या पुंजक्यासारखे चपटे असतील तर ठीक. तेच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर-वर चढायला लागले, कडा कातरल्यासारख्या स्पष्ट दिसायला लागल्या, तर तास-दीड तासात काहीही होऊ शकतं. ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला आणि बूड काळं-निळं झालं की तो ढग तयार झाला. त्याआधी हवा कोंडते, पान हलत नाही, अंगाला घाम चिकटतो. आणि मग एकदम गार वारा सुटतो. तो गार वारा आपल्याला बरा वाटतो, पण तो ढगातनं खाली कोसळणारा वारा आहे. तो लागला म्हणजे ढग जवळ आहे, पदर सोडून गार होत बसायची ही वेळ नव्हे.

तीस चांगभलं

आता आभाळाचा आकडा. तोही बंधाऱ्याच्या आकड्यासारखाच लक्षात ठेवा.

वीज चमकलेली आपल्याला लगेच दिसते, आवाज मात्र सावकाश येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणून वीज चमकली की मोजायला लागायचं आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आलेल्या आकड्याला तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. घड्याळ लागत नाही. आम्ही "एक चांगभलं, दोन चांगभलं, तीन चांगभलं" असं मोजतो. नेहमीच्या चालीत म्हटलं तर एक चांगभलं सुमारे एका सेकंदाचं होतं. घरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याशी एकदा ताडून बघा, प्रत्येकीची चाल थोडी वेगळी असते.

तीस चांगभलं व्हायच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे पुढची आपल्या डोक्यावर पडू शकते. पाऊस आपल्याकडं सुरू झालेला असो वा नसो. खूप जणींना वाटतं की पाऊस आला की वीज येणार. वीज पावसाच्या पुढं कित्येक किलोमीटर कोरड्यातही पडते. म्हणून आकडा तिसाच्या आत आला की चालणं बंद, आसरा गाठायचा. आणि मोजायला जमलंच नाही तर साधी गोष्ट धरा: गडगडाट कानावर आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते.

शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर आणखी अर्धा तास आत थांबायचं. हा अर्धा तास सगळ्यात अवघड. पाऊस उघडलेला असतो, ऊनसुद्धा पडतं, घरून फोनावर फोन. आमच्यातली एक उंबऱ्यात उभी राहून म्हणत होती, "धार कोण काढणार? म्हस हंबरून जीव दिल." पण जाणाऱ्या ढगाच्या शेपटीतनंही वीज पडते. त्या दिवशी आम्ही अर्धा तास थांबलो, कारण आक्का दाराच्या आडव्याच बसल्या होत्या. घरी पोहोचायला साडेआठ झाले. म्हशीची धार तिच्या नवऱ्यानं काढली होती, आणि म्हैसही जिवंत होती.

आसरा कुठला

पक्कं घर, शाळेची खोली, ग्रामपंचायतीची इमारत, देवळाचा आतला भाग. नाहीतर काचा लावलेली एसटी, जीप, कार. गाडीत पत्र्याच्या आत बसल्यावर वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते, फक्त दाराच्या लोखंडाला हात लावून बसू नका. मोटारसायकल आणि उघडा ट्रॅक्टर याला गाडी म्हणू नका.

चार खांबांवर पत्रा टाकलेलं शेड, बसथांब्याचं छप्पर, गुऱ्हाळघराची उघडी बाजू, तिथं पावसापासून आडोसा मिळतो, विजेपासून नाही. गुऱ्हाळाच्या उंच धुराड्याजवळ तर मुळीच नको. घरातही भिंतीला टेकून, नळाखाली हात धुत, चार्जरला लावलेला मोबाईल कानाला धरून बसू नये. चार्जिंगला न लावलेला मोबाईल वापरायला हरकत नाही, मोबाईल वीज ओढून घेतो ही समजूत खोटी आहे.

बंधाऱ्यावर असताना गडगडलं तर थांबून फोटो काढायचे नाहीत, उतरून मोकळं व्हायचं. घाटावर पाय धुवायला, अंघोळीला गेलेल्यांनी पाण्यातनं बाहेर यावं.

आणि जोतिबाच्या डोंगरावर? तो डोंगर आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच, माथ्यावर मोकळी जागा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तर तीस-चाळीस फुटी सासनकाठ्या नाचत असतात. मानाच्या काठीचा मान मानाच्या जागी, पण गडगडायला लागलं की उंच काठीच्या आसपास घोळका करू नये, देवळाच्या आवारातल्या पक्क्या बांधकामात जावं. पाऊस पडल्यावर गुलालानं पायऱ्या शेवाळासारख्या निसरड्या होतात, हे वेगळं सांगायला नको. पळू नका. वीज न पडताही त्या दिवशी कंबर मोडणाऱ्या कमी नसतात.

काहीच आसरा नाही, मोकळ्या रानात सापडलो, तर? हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. झाड, खांब, तारेचं कुंपण यांपासून लांब जायचं, डोंगराच्या धारेवरून खाली सखल जागी यायचं (ओढ्यात नको). दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून चवड्यांवर उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यात, हात कानांवर. आडवं झोपायचं नाही. पाय जुळवायचे कारण वीज जमिनीवर पडली की जमिनीतनं पसरते, आणि दोन पायांत अंतर असेल तर एका पायातनं चढून दुसऱ्यातनं उतरते. चार पायांवर उभी असलेली जनावरं म्हणूनच जास्त दगावतात. आणि एकमेकींना धरून बसायचं नाही. भीती वाटली की आपण घोळका करतो, हात घट्ट धरतो. इथं नेमकं उलटं करायचं, पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवून बसायचं. म्हणजे कुणाला काही झालंच तर मदतीला कुणीतरी शुद्धीवर राहील.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायचा

हे वाक्य बैठकीत दोनदा वाचा. वीज अंगातनं क्षणात निघून जाते. त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. तुटलेल्या तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, तिथं आधी वीजपुरवठा बंद करून घ्यायचा, महावितरणला १९१२ ला फोन करायचा. पण आभाळातली वीज लागलेल्याला लगेच हात लावायचा.

आधी १०८ ला फोन. श्वास चालतोय का बघायचं. नसेल तर छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ करून, जोरात आणि भरभर दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती दोन इंच खाली जाईल असं. दमलात की दुसरीनं घ्यायचं. डॉक्टर येईपर्यंत सोडायचं नाही. विजेनं हृदय थांबलेलं माणूस वेळेत दाबलं तर परत येऊ शकतं. म्हणून तिघी-चौघींना एकदम लागलं तर जी ओरडतेय, कण्हतेय तिच्याआधी जी गप पडलीय तिच्याकडं जायचं. ओरडणारी श्वास घेतेय.

काही भागांत वीज लागलेल्याला शेणात नाहीतर वाळूत पुरून ठेवतात. त्यानं काही होत नाही, उलट वाचायची वेळ निघून जाते. दुसरी एक समजूत आपल्याकडची, पायाळू माणसावर वीज पडते. आमच्या गटात एक पायाळू ताई आहेत. लहानपणी पाऊस आला की त्यांना घरातल्या बायका अंगणात येऊ देत नसत, पण त्यांच्या भावंडांना कैऱ्या वेचायला पाठवत. आता त्या सांगतात, "मला कोंडून ठेवलं ते बरंच झालं, पण माझ्यासंगं त्यास्नी बी कोंडायला पायजे हुतं." जन्माला येताना पाय आधी आले की डोकं, विजेला काही ठाऊक नसतं.

कुणी दगावलंच तर हे माहीत असू द्या. वीज पडून मृत्यू झाला तर शासनाकडून वारसाला चार लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी तलाठ्यांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. घाईनं अंत्यविधी उरकला आणि कागद राहून गेले तर मदत अडकते. जनावर दगावलं तरी पंचनामा करून घ्यायचा. त्या घरातली बाई त्या वेळी हे करायच्या अवस्थेत नसते, तेव्हा गटानं करायचं.

चारच्या आधीचं ऊन

वळवाच्या भीतीत उन्हाला विसरू नका. माघात पाच रविवारचे खेटे घालतो, अंबाबाई जोतिबाला थांबवायला अनवाणी चालत गेली असं सांगतात त्याची आठवण म्हणून. तेव्हा पहाटे स्वेटर लागतो. चैत्रात दहा वाजताच डांबर पायाला चटके देतं. अनवाणी जायचा नवस असेल तर निदान डांबरी रस्ता उजाडायच्या आत मागं टाका.

प्रत्येकीनं स्वतःचं दोन लिटर पाणी घ्यायचं. "वाटेत मिळतं की" यावर जाऊ नका. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण वहीत लिहून ठेवा. मीठ अंदाजानं टाकू नका. उपवास असला तरी पाण्याचा उपवास करू नका. बायका वाटेत लघवीला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून वाटेतल्या कुठल्या शाळेत, कुठल्या ओळखीच्या घरी सोय होते ते आदल्या दिवशी फोन करून ठरवा. कुणाला घाम येणं बंद होऊन अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत झोपवून ओल्या कपड्यानं अंग पुसत, वारा घालत १०८ ला फोन. "थोडं बसली की बरं वाटेल" असं म्हणत बसू नका.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोबाईल ॲप केलं आहे. आपल्या आजूबाजूला २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते इशारा देतं. गटातल्या किमान दोघींच्या मोबाईलवर असू द्या, कारण एकीची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. हवामान विभागाचे रंगही बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे त्या दिवशी जायचं नाही.

पहाटे पाचला का निघता येत नाही

आता खरा विषय. वरचं सगळं तुम्हाला पाठ झालं तरी पावणेआठला निघालात तर उपयोग थोडा. वळीव तीननंतर गाठतो, आणि आपण तीनला डोंगरावरून खाली यायला निघतो. पाचला निघालो असतो तर अकराला दर्शन, बाराला बस, दोनच्या आत घरी.

आम्हाला उशीर आळसानं झाला नाही. तेरा जणींनी निघण्याआधी स्वयंपाक केला, सात जणींनी धारा काढल्या. वेळेत एकट्या आक्का आल्या होत्या, त्यांच्या घरी सून आहे. म्हणजे त्या दिवशी आम्ही विजेच्या तोंडी गेलो ते चहा-चपातीमुळं. ऐकायला हसू येतं, पण नीट बघा, शेतात वीज पडून गेलेल्या कित्येक बायका "एवढी एक पेंढी बांधते नि येते" म्हणून थांबलेल्या असतात. काम उरकायची आपली सवय आपल्याला आसऱ्याला जाऊ देत नाही.

म्हणून जायच्या आठ दिवस आधी घरी बोला. एक दिवस चहा तुम्ही करा, धार तुम्ही काढा, असं सांगा. विचारू नका, सांगा. माझ्या घरी सांगितलं तेव्हा मालकांनी विचारलं, "साखरंचा डबा कुठाय?" बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदा विचारला.

दुसरी गोष्ट, "थांबा" म्हणायचा अधिकार कुणाचा? आमच्यात तो माझा मानला गेला, कारण मी सचिव. आणि बरोबर होत्या आक्का, ज्यांना सही करायला आम्ही शिकवली. बालपणी त्यांच्या शेजारच्या बांधावर झाडाखाली थांबलेला एक गडी गेला होता, हे त्यांनी आम्हाला त्या घरात चहा पिताना सांगितलं. आधी कधी कुणी विचारलंच नव्हतं.

या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटानं इतिवृत्तात लिहिलेला ठराव असा:

"चैत्र-वैशाखात गटानं चालत कुठंही जायचं असल्यास पहाटे पाचला निघावं. जी सदस्य सव्वापाचपर्यंत येणार नाही तिनं बसनं यावं. दुपारी बारा वाजता जिथं असू तिथून परतीचं वाहन धरावं, दर्शन झालेलं असो वा नसो. वाटेतली पक्की आसऱ्याची ठिकाणं आधी बघून त्यांची यादी सोबत ठेवावी. गडगडाट ऐकून कोणतीही एक सदस्य 'थांबा' म्हणाली तर सर्वांनी ऐकावं. वाद घालायचा असल्यास आत गेल्यावर घालावा."

बारा वाजताच्या वाक्यावर अर्धा तास वाद झाला. "दारात जाऊन दर्शन न घेता परतायचं?" असं दोघींनी विचारलं. एकीनं उत्तर दिलं की जोतिबा कुठं जात नाही, पुढच्या रविवारी यायचं. ठराव बहुमतानं झाला, एकमतानं नाही. बसमध्ये जागा मिळाली नाही तर जीपचं भाडं गटाच्या निधीतनं द्यायचं की ज्याच्या-त्याच्या पिशवीतनं, हे अजून ठरलेलं नाही. तुमच्या गटात काय ठरतं ते पुढच्या अंकासाठी कळवा.

आम्ही पाकाळणीच्या रविवारी जातोय. पहाटे पाच, बंधाऱ्याच्या अलीकडच्या बाजूला. भाजी-भाकरी आदल्या रात्री बांधून ठेवा, आणि साखरेचा डबा कुठाय ते घरात सांगून या.